सिंकखालची फळी आणि सातशे दहाचा शिक्का

आमच्या पुण्याच्या घरातील सिंकखालचे कपाट दुसऱ्या पावसाळ्यानंतर नीट लागेनासे झाले. तळफळीची पुढची कड फुगली होती, तिच्यावरचा सनमायका उचलला गेला होता आणि दार त्या फुगवट्यावर अडत होते. बिलावर ‘वॉटरप्रूफ प्लाय’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले असल्यामुळे दुकानदाराने हलका माल गळ्यात मारला, असेच आम्ही धरून चाललो होतो. सुताराने फळी बाहेर काढली, उलटी केली आणि सिंकचा पाइप जिथून खाली उतरतो त्या भोकाच्या कडेवर स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवले, तर ते जोर न लावता अर्धा इंच आत गेले. थर मात्र एकमेकांपासून कुठेही सुटलेले नव्हते. “चिकट धरून आहे बघा,” तो म्हणाला, “लाकूड गेलंय.”

प्लायवूड निवडण्याबद्दल जे सांगायचे आहे, त्याचे मर्म या दोन वाक्यांत आहे. प्लायवर दर्जाचा जो शिक्का असतो तो प्रामुख्याने थर चिकटवणाऱ्या ग्लूबद्दल बोलतो, आणि आपण मात्र तो सबंध फळीबद्दल बोलतो आहे असे समजून निर्धास्त होतो. ‘आतल्या कामाला साधा, बाहेरच्या कामाला मरीन’ हा दुकानात हमखास ऐकू येणारा नियम त्यामुळेच अर्धा खरा आहे. विचारायला हवे ते वेगळेच: या फळीपर्यंत पाणी कोणत्या वाटेने पोहोचणार, किती वेळ तिथे थांबणार, आणि नंतर तिला वाळायला वाव मिळणार की नाही. या कसोटीवर सिंकखालची बंद, अंधारी जागा घराबाहेरच्या पडवीपेक्षा वाईट ठरू शकते, कारण पडवीतील फळी पावसाने भिजली तरी वाऱ्याने वाळते, आणि सिंकखालची फळी एकदा भिजली की महिनोन्‌महिने ओलीच राहते.

थर आडवे-उभे का असतात

लाकूड म्हणजे कडब्याच्या घट्ट बांधलेल्या पेंढीसारखी रचना आहे. झाड जमिनीतून पाणी वर ओढते ते या उभ्या नळ्यांमधून. पेंढी भिजवली तर ती जाड होते, लांब होत नाही. लाकडाचेही तसेच आहे. ओल्या लाकडाला पूर्ण वाळवले तर ते रेषांच्या दिशेने जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसते, पण रेषांना आडव्या दिशेने जातीनुसार पाच ते दहा टक्क्यांपर्यंत आकसू शकते. रुंद फळीचे जुने दार पावसाळ्यात चौकटीत घट्ट बसते आणि उन्हाळ्यात सैल होते, त्याचे कारण हेच.

प्लायवूडने या स्वभावाला बांध घातला. ओंडका लेथवर फिरवून त्याचा पातळ पत्रा, म्हणजे व्हिनिअर, कागदाची गुंडाळी उलगडावी तसा सोलून काढतात, वाळवतात, ग्लू लावून एकावर एक असे रचतात की प्रत्येक थराच्या रेषा शेजारच्या थराच्या रेषांशी काटकोनात येतील, आणि मग तापलेल्या प्रेसमध्ये दाबतात. एका थराला ज्या दिशेने फुगायचे असते, त्याच दिशेने शेजारचा थर ताठ उभा असतो, त्यामुळे दोघेही एकमेकांना आवरून धरतात. थरांची संख्या विषम ठेवतात, कारण तसे केले तरच वरच्या व खालच्या पृष्ठावरील रेषा एकाच दिशेने जातात आणि दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहून फळी वाकत नाही.

या रचनेचा एक तोटा मात्र फारसा कोणी सांगत नाही. साध्या लाकडी फळीत नळ्यांची उघडी तोंडे फक्त दोन टोकांना असतात. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्यामुळे चारही कडांना जवळजवळ निम्म्या थरांची तोंडे उघडी पडतात. म्हणजे पाणी पिण्याच्या बाबतीत प्लायला दोन नव्हे, चार तोंडे आहेत. आणि सुताराने पाइपसाठी मधोमध भोक पाडले की पाचवे. आमच्या फळीवर वरून-खालून सनमायका होता आणि पुढच्या कडेला पट्टीही होती. भोकाची आतली कड मात्र कोरी होती, आणि पाइपच्या सांध्यातून दिवसाला काही थेंब नेमके तिथेच उतरत होते.

तीन नावे, तीन परीक्षा

भारतात घरकामाच्या प्लायसाठी दोन मानकांची नावे सतत कानावर येतात: आयएस ३०३ आणि आयएस ७१०. बाजारात त्यांना नुसतेच तीनशे तीन आणि सातशे दहा म्हणतात. तीनशे तीन हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे मानक असून त्यात एमआर व बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे ओळखले जातात. सातशे दहा हे मरीन प्लायचे मानक, आणि त्याच्या चिकटण्याच्या ताकदीला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारी, म्हणतात. ही आद्याक्षरे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक दर्जाला कोणत्या परीक्षेतून जावे लागते ते लक्षात ठेवले, तर निवड आपोआप सोपी होते.

एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा. त्याचा तुकडा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन तास बुडवायचा, मग ६५ अंशांवर आठ तास वाळवायचा, असे तीन वेळा करायचे आणि त्यानंतर सुरीचे पाते थरांत घालून ते सहज सुटतात का ते पाहायचे. हवेतील दमटपणा, ओल्या फडक्याने पुसणे, कधीतरी सांडलेले आणि लगेच टिपलेले पाणी एवढ्यापुरता हा प्लाय आहे. बाजारात त्याला ‘कमर्शियल’ म्हणतात आणि या शब्दामुळे काही ग्राहकांचा असा समज होतो की तो दुकाने-कार्यालयांसाठी बनवलेला, म्हणजे जास्त दणकट असावा. वस्तुस्थिती उलटी आहे. तिन्हींत तोच सर्वांत नाजूक.

बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला दाद न देणारा. त्याच्या परीक्षेत आठ तास उकळणे आणि सोळा तास वाळवणे अशी तीन आवर्तने असतात. भिजणे आणि वाळणे हे चक्र पुन्हापुन्हा घडवणे हा या परीक्षेचा खरा कस आहे, कारण प्रत्येक वेळी थर फुगतात, आकसतात आणि ग्लूला ओढ देतात. बीडब्ल्यूपीची परीक्षा सलग ७२ तास उकळण्याची आहे. याशिवाय सातशे दहामध्ये कोणत्या जातीचे लाकूड चालेल आणि त्यावर कीड व बुरशीविरुद्ध रासायनिक प्रक्रिया कशी व्हावी, यावरही बंधने आहेत. शिक्का ग्लूबद्दल बोलतो असे मी वर म्हटले, त्याला हा महत्त्वाचा अपवाद आहे. पण ही प्रक्रिया कुजण्याला विरोध करते, कुजणे अशक्य करत नाही.

फरक कशामुळे पडतो, तर रेझिनमुळे, म्हणजे ग्लू ज्या चिकट रसायनाचा बनतो त्यामुळे. एमआरमध्ये यूरिया-फॉर्माल्डिहाइड वापरतात. ते स्वस्त आणि जवळजवळ रंगहीन असते, पण गरम पाण्यात त्याची रासायनिक साखळी तुटते. बीडब्ल्यूआर आणि बीडब्ल्यूपीसाठी फिनॉल-फॉर्माल्डिहाइड वापरतात. ते एकदा प्रेसमध्ये पक्के झाले की पाण्याने पुन्हा विरघळत नाही. त्याचा रंग गडद तपकिरी-लालसर असल्यामुळे कापलेल्या कडेवर थरांमधली रेघ काळपट दिसते. पूर्वी एवढ्या खुणेवर माल ओळखता येत असे. आता हलक्या ग्लूमध्ये रंग मिसळूनही तशी रेघ आणली जाते, तेव्हा केवळ रंगावर विश्वास ठेवणे बरे नव्हे.

पृष्ठभागापेक्षा पोट महत्त्वाचे

दोन प्लायचा शिक्का एकच असूनही एक दहा वर्षे टिकतो आणि दुसरा चार वर्षांत झोल खातो, याचे कारण आतल्या थरांत असते. भारतातील जुने जाणते सुतार अजूनही गर्जनचे नाव आदराने घेतात. हे लालसर, जड, तेलकट लाकूड म्हणजे डिप्टेरोकार्पस प्रजातीतील झाड. त्याचा मोठा पुरवठा म्यानमारमधून होत असे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि बाजाराला इतर देशांतील व इतर जातींच्या व्हिनिअरकडे वळावे लागले. त्याआधी १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने वनांतील तोडीवर कडक निर्बंध घातले, तेव्हा चहाच्या पेट्यांच्या निमित्ताने वाढलेला ईशान्येतील प्लायचा धंदा मोठ्या प्रमाणात बसला आणि हरियाणातील यमुनानगरसारखी ठिकाणे पुढे आली. तिथे शेतकऱ्यांनी शेताच्या बांधावर लावलेले पॉप्लर आणि निलगिरी हा मुख्य कच्चा माल आहे, तर केरळातील पेरुंबावूरच्या कारखान्यांत रबराच्या झाडांचे लाकूड वापरले जाते. आज आपण विकत घेतो त्या प्लायचा मोठा भाग जंगलातून नव्हे तर शेतातून येतो. यात वाईट काही नाही, पण पॉप्लर हलके व मऊ आणि निलगिरी जड व कठीण असल्यामुळे पोटात काय भरले आहे याने फरक पडतो.

तो फरक हाताला कळतो. आठ फूट बाय चार फुटांची १८ मिलिमीटर जाडीची फळी घेतली तर तिचे घनफळ साधारण ०.०५४ घनमीटर होते. पोटात हलके लाकूड असेल, घनता ५५० किलो प्रति घनमीटर धरली, तर फळी तीस किलोच्या आसपास भरते. कठीण लाकडाची, ७२० घनतेची असेल तर अडतीस-एकोणचाळीस किलो. हमाल दोन कंपन्यांच्या फळ्या उतरवताना त्याच्या चेहऱ्यावर हा फरक वाचता येतो. बिजागरीचे स्क्रू धरून ठेवण्यासाठी जड फळी चांगली. उंच लॉफ्टच्या दारासाठी मात्र तिचे वजनच बिजागरीला जड जाते, म्हणून जड तेच उत्तम असेही सरसकट म्हणता येत नाही.

आतल्या थरांतला दुसरा दोष म्हणजे फटी आणि चढलेले थर. व्हिनिअरचे तुकडे शेजारीशेजारी मांडताना मध्ये जागा राहिली तर पोकळी होते, आणि एकावर एक चढले तर पृष्ठभागावर उंचवटा येतो. पोकळीच्या जागी स्क्रू गेला तर तो नुसता फिरत राहतो. आणि पाणी तिथे शिरले तर त्याला आयती बोगद्याची वाट मिळते. हे शोधण्यासाठी फळी उभी करून कडेवरून नजर फिरवायची आणि बोटांच्या सांध्यांनी पृष्ठभागावर ठिकठिकाणी ठोकत जायचे. पोकळीवर आवाज भदभदा येतो. कडांना गडद रंग किंवा लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर दुकानदाराला कोपरा कापून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. चांगला माल विकणारा ते आनंदाने करतो.

घराच्या आत

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. सर्वांत जास्त पैसे स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या जागेत घालावेत. तिथे सातशे दहा वापरणे योग्य. पण त्याहूनही शहाणपणाचा एक जुना मराठी घरगुती उपाय आहे, तो म्हणजे ओट्याखालचे उभे-आडवे कप्पे कडप्प्याचे करायचे आणि फक्त दारे व ट्रॉलीचे दर्शनी भाग प्लायचे ठेवायचे. मॉड्युलर किचनच्या आकर्षणात हे कप्पे अनेक घरांतून तोडले गेले. दगडाला फुगणे ठाऊक नाही आणि वाळवीला तो खाता येत नाही. निदान सिंकखालचा एक खण तरी कडप्प्याचा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोपण्याच्या खोलीतील कपाट, पलंग, अभ्यासाचे टेबल यांना कोरड्या हवेच्या गावी, म्हणजे सोलापूर, संभाजीनगर, नागपूर या बाजूला, चांगल्या पोटाचा एमआर पुरेसा आहे. तिथे मरीनसाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात. त्याऐवजी तेच पैसे जाडीवर आणि कडा झाकण्यावर खर्च केले तर अधिक उपयोग होतो. मुंबई, कोकण आणि गोव्यात चार महिने भिंतींनाच घाम फुटतो, तिथे मी सगळीकडे बीडब्ल्यूआर वापरीन. बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून कपाट करायचे असेल, तर पाठीमागची सहा-नऊ मिलिमीटरची फळी हीच पहिली बळी ठरते, कारण भिंतीतील ओल थेट तिच्यात उतरते. बुरशीला वाढण्यासाठी लाकडात साधारण वीस टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो. भिंत आणि फळी यांच्यात बोटभर मोकळी जागा ठेवून हवा खेळती राहिली, तर तो तितका चढत नाही. एवढी जागा सोडायला पैसे लागत नाहीत, पण खोली लहान असल्यामुळे ती सोडायला कोणी तयार होत नाही.

आपल्याकडे फरशी धुण्याची सवय आहे, आणि सणासुदीला तर बादलीभर पाणी ओतून खराट्याने घर झाडले जाते. पलंगाचे व कपाटाचे पाय थेट फरशीवर टेकलेले असतील तर खालची कड दर वेळी पाणी पिते. तळाशी प्लास्टिकचे पाय किंवा दगडाची पट्टी द्यावी आणि प्लाय जमिनीपासून दोन-तीन इंच वर ठेवावा.

मांडणीच्या फळीची जाडी ठरवताना एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. फळीचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे १२ ऐवजी १८ मिलिमीटर घेतली तर ती दीडपट नव्हे, सुमारे ३.४ पट ताठ होते. उलट बाजूने, पुस्तके सारख्याच दाटीने रचली असता आधारांमधील अंतर दुप्पट केले, तर झोल सोळा पट वाढतो. तीन फूट लांबीच्या पुस्तकांच्या मांडणीला मध्ये एक उभा आधार देणे हे जाड फळी घेण्यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक. शिवाय पृष्ठभागावरील रेषा मांडणीच्या लांबीच्या दिशेने जायला हव्यात. फळी वाचवण्याच्या नादात सुतार तुकडा आडवा कापतो आणि मग सहा महिन्यांत झोल दिसू लागतो.

उंच दारांचे गणित निराळे आहे. सात फुटी कपाटाच्या दाराला प्लाय कधीकधी पिळतो, म्हणून पुष्कळ सुतार तिथे ब्लॉकबोर्ड घेतात. त्यात मधोमध पाइनच्या किंवा तत्सम लाकडाच्या पट्ट्या उभ्या लावलेल्या असतात; तो हलका असतो आणि लांबीत सरळ राहतो, पण पट्ट्यांमधील फटीवर स्क्रू पडला तर धरत नाही. दार कशाचेही असो, सनमायका दोन्ही बाजूंना लावायलाच हवा. एकाच बाजूला लावला तर उघडी बाजू हवेतील ओलावा घेते-सोडते, झाकलेली घेत नाही, आणि दार धनुष्यासारखे वाकते. आतल्या बाजूला पातळ, स्वस्त लॅमिनेट चालते. पण काहीच नको, हे चालत नाही.

आणखी एक गोष्ट बहुधा सुटते. सातशे दहाचा प्लाय आणून त्यावर सनमायका मात्र सुतारकामाच्या साध्या पांढऱ्या ग्लूने चिकटवला, तर पाण्यापुढे आधी तो ग्लू हार मानतो. त्याचेही पाण्यात टिकणारे प्रकार मिळतात आणि ओल्या जागी तेच मागावेत.

कीड हा वेगळा विषय आहे, तरी थोडक्यात सांगतो. कपाटाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. तो बहुतेक वेळा फळीबरोबरच घरात आलेला असतो. भिंतीवर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी. ती जमिनीतून येते, आणि तिचा बंदोबस्त घराच्या पायातच करावा लागतो. प्लायवरची प्रक्रिया भुंग्याला चांगली आवरते, वाळवीला फक्त उशीर लावते.

घराबाहेर

बाहेरच्या कामाबद्दल मी जरा सावध आहे. मरीन हा शब्द ऐकून समुद्रावर चालणारा प्लाय गच्चीवर का टिकणार नाही, असे वाटणे साहजिक आहे. समुद्रावर तो खरोखर चालतो: केरळच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात प्लायवूडच्या होड्या आल्या आणि मासेमारीत रुळल्या. पण त्या होड्यांचे सांधे आणि पृष्ठभाग काचतंतू व रेझिनने मढवलेले असतात. लाकडाला पाणी दिसतच नाही. उघडा ठेवलेला मरीन प्लाय आणि मढवलेला मरीन प्लाय या दोन निराळ्या वस्तू आहेत.

उघड्यावर पाण्याच्या जोडीला ऊन येते. उन्हातील अतिनील किरणांनी लाकडातील तंतू धरून ठेवणारे लिग्निन विघटित होते आणि पृष्ठभाग राखाडी पडतो. व्हिनिअर सोलताना पात्यामुळे त्याच्या एका बाजूला बारीक तडे आधीच पडलेले असतात. ऊन-पावसात ते उघडतात आणि पृष्ठभागावर केसासारख्या चिरा दिसू लागतात. त्या चिरांतून पाणी आत जाते. ग्लू अभंग असूनही फळी हळूहळू संपते, ती अशी.

मी एक छोटा प्रयोग केला होता. उरलेल्या सातशे दहाच्या पट्टीचे वीतभर लांबीचे दोन तुकडे केले. एकाच्या सहाही बाजूंना, कडांना तर तीन वेळा, प्रायमर व तेलरंग दिला. दुसऱ्याचा फक्त पृष्ठभाग रंगवला आणि कडा कोऱ्या ठेवल्या. दोन्ही जूनपासून गॅलरीच्या कठड्यावर पडून होते. दिवाळीच्या साफसफाईत उचलले तेव्हा पहिला जवळजवळ तसाच होता. दुसऱ्याच्या कडा एका-दीड मिलिमीटरने फुगल्या होत्या, कडेजवळचा रंग पापडासारखा सुटला होता आणि एका कोपऱ्यावर काळी बुरशी धरली होती. दोघांचा ग्लू मात्र शाबूत होता.

त्यामुळे बाहेर प्लाय वापरायचाच असेल तर छपराखाली वापरावा: पडवीतील चपलांचे कपाट, छत असलेल्या गॅलरीतील खण, दुकानाच्या पागोळीखालची पाटी. फळी कापल्यानंतर, जोडण्यापूर्वी, प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक रंगाने किंवा इपॉक्सीने बुजवावे. जोडल्यावर आतल्या कडांपर्यंत ब्रश पोहोचत नाही. आडव्या पृष्ठाला थोडा उतार द्यावा. समुद्राजवळ साध्या स्क्रूला वर्षभरात गंज चढून त्याचे डाग लाकडात उतरतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. आणि जिथे पाऊस थेट मारतो तिथे प्लायचा हट्ट सोडून सिमेंट-फायबर बोर्ड, जाड कॉम्पॅक्ट लॅमिनेट किंवा सरळ सागवान यांचा विचार करावा. कोकणातल्या झोपाळ्याची फळी पिढ्यान्‌पिढ्या सागाची किंवा फणसाची असते, ती उगाच नव्हे.

स्लॅबच्या सेंट्रिंगसाठी येतो तो काळपट, गुळगुळीत प्लाय वेगळ्या मानकाचा, आयएस ४९९० चा. १२ मिलिमीटरची फळी किती किलोची, २८ की ३२ की ३५, अशा भाषेत तो विकला जातो, कारण जड म्हणजे दाट, आणि दाट म्हणजे जास्त स्लॅबना पुरणारी. काम संपल्यावर उरलेल्या या फळ्या घरमालक गोठ्याला किंवा बागेतल्या शेडला लावतात. पृष्ठभाग टिकतो, कडा टिकत नाहीत, हाच धडा तिथेही दिसतो. गणपतीच्या मंडपाचा किंवा सभेचा तात्पुरता चौथरा असेल, तर दहा-पंधरा दिवसांसाठी हा उत्तम.

अमेरिकेतील मराठी मंडळींना तिथल्या दुकानांत सीडीएक्स नावाचा प्लाय दिसतो आणि त्यातील एक्सचा अर्थ ‘बाहेरचा’ असा लावला जातो. प्रत्यक्षात तो बांधकाम चालू असताना काही काळ भिजणे सोसण्यापुरता असतो. कायम उघड्यावर राहण्यासाठी तिथे एक्स्टिरिअर असा वेगळा शिक्का आहे. घोटाळा दोन्ही देशांत एकाच जातीचा आहे.

दुकानात

आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणत्या उत्पादकाचा, कोणत्या मानकासाठी आणि चालू आहे की नाही हे तिथल्या तिथे कळते. ‘आयएस ७१० प्रमाणे’ अशी अक्षरे छापणे आणि परवाना असणे यांत अंतर आहे. जाडी टेपने नव्हे, व्हर्निअर कॅलिपर या बारीक मोजमापाच्या उपकरणाने, तीन-चार ठिकाणी मोजावी. अठराच्या नावाखाली सोळा मिळणे नवे नाही. मॉड्युलर काम यंत्रावर होणार असेल तर कॅलिब्रेटेड, म्हणजे घासून सर्वत्र एकसारख्या जाडीचा केलेला, प्लाय मागावा.

लहान मुलांच्या खोलीसाठी ग्लूमधून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूचाही विचार करावा; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली. ई-१ आणि ई-० ही उत्सर्जनाची वर्गवारी आहे, त्यात ई-० अधिक कडक. फिनॉलचा ग्लू पक्का बांधलेला असल्यामुळे त्यातून हा वायू यूरियाच्या ग्लूपेक्षा कमी सुटतो. तेव्हा बंद, वातानुकूलित खोलीत बीडब्ल्यूआर घेण्याला पाण्याखेरीज हेही एक कारण आहे. नव्या फर्निचरचा डोळ्यांना झोंबणारा वास असेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

गॅरंटीचे कागद वाचावेत. थर सुटणे आणि भुंगा लागणे यांची हमी बहुतेक जण देतात, पण भरपाई म्हणून मिळते ती कोरी फळी. सनमायका, मजुरी आणि महिनाभर अडलेले स्वयंपाकघर त्यात धरलेले नसते. बिलावर मानकाचा क्रमांक, दर्जा, उत्पादक, जाडी आणि फळ्यांची संख्या लिहून घ्यावी. ‘वॉटरप्रूफ’ या एका शब्दावर कोणाकडेच दाद मागता येत नाही.

आमच्या त्या तळफळीचा चांगल्या बाजूचा एक तुकडा सुताराने कापून दिला. तो मी स्वयंपाकात नसलेल्या जुन्या पातेल्यात, मध्येमध्ये पाणी घालत, सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत उकळला. पाणी चहासारखे लाल झाले, तुकडा जड झाला, पण सुरीचे पाते थरांत घालायला गेलो तर लाकूड चिरले आणि जोड सुटला नाही. दुकानदाराने आम्हाला फसवले नव्हते. प्लंबरला बोलावले, त्याने सिंकच्या पाइपच्या सांध्यातला कडक झालेला वॉशर काढून नवा घातला, आणि त्याखाली आता कडप्प्याची लादी आहे.